सर्बियाचे सेनानी पुत्निक

१९१४ सालच्या जुलै महिन्याच्या अखेरीस बुडापेस्ट शहरीं एका वृद्ध प्रवाशास ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अधिकाऱ्यांनीं अटक केली. शरीर कृश, दाढी पांढरी व निमुळती, आणि छातीच्या जुनाट विकारानें श्वास जड झालेला, असे हे ६७ वर्षांचे गृहस्थ ऑस्ट्रियांतील ग्लायखेनबर्ग येथील औषधी झऱ्यांवर प्रकृतीसाठीं राहून मायदेशीं परतत होते. त्यांचें नांव राडोमिर पुत्निक, आणि ते सर्बियाच्या सैन्याचे प्रमुख होते. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध त्याच सुमारास तुटले होते. २८ जुलैला युद्ध पुकारलें गेलें. शत्रूचा सरसेनापति असा आपण होऊन हातीं सांपडावा, याहून मोठें भाग्य कोणतें ! परंतु वृद्ध सम्राट फ्रान्झ योसेफ यांना तें रुचलें नाहीं. जुन्या लष्करी शिष्टाचारास स्मरून त्यांनीं पुत्निक यांना सोडून देण्याची आज्ञा केली. रुमानिया व बल्गेरिया या मार्गानें वळसा घेऊन ते ५ ऑगस्टला सर्बियांत पोंचले.

इकडे बेलग्रेडमध्यें निराळीच पंचाईत झाली होती. युद्धयोजनेचे कागद ज्या तिजोरींत होते तिच्या किल्ल्या सेनापतींच्या जवळ. म्हणून ती तिजोरी फोडून कागद बाहेर काढावे लागले, असें सांगतात. गोष्ट सांगणाऱ्यांनीं ती थोडीशी फुगविली असेल. पण पुत्निक यांच्या स्वभावाशीं ती जुळते खरी. आपल्या कामाची किल्ली दुसऱ्याच्या हातीं सहसा न देणारा असा हा माणूस होता.

नांवांतही थोडी मौज आहे. सर्बियन भाषेंत 'पुत्' म्हणजे वाट आणि 'पुत्निक' म्हणजे वाटसरू. आपल्या संस्कृतांतील 'पथिन्' व 'पथिक' या शब्दांशीं त्याचें दूरचें पण खरें नातें आहे. त्याच भाषेंत सर्वश्रेष्ठ लष्करी पदास 'वोय्वोदा' म्हणतात. सैन्याला नेणारा तो वोय्वोदा. आपला 'सेनानी' हा शब्द हुबेहूब त्याच रीतीनें घडला आहे. सर्बियाच्या इतिहासांत आधुनिक काळीं ही पदवी प्रथम ज्यांना मिळाली ते हेच पुत्निक.

त्यांचा जन्म २४ जानेवारी १८४७ रोजीं क्रागुयेवात्स या गांवीं झाला. वडील शाळाशिक्षक. कुटुंब मूळचें डॅन्यूबपलीकडील, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राज्यांतील. क्रागुयेवात्स येथें १८५१ पासून तोफा ओतण्याचा सरकारी कारखाना होता. या कारखान्याचें नांव पुढें एकदां येणार आहे, म्हणून तें लक्षांत ठेवावें. मुलगा बेलग्रेडच्या तोफखाना-विद्यालयांत गेला आणि १८६६ त अधिकारी होऊन बाहेर पडला. १८७६ ते १८७८ या काळांत तुर्कांशीं झालेल्या दोन्ही युद्धांत तो लढला. या युद्धांच्या अखेरीस बर्लिनच्या तहानें सर्बियास पूर्ण स्वातंत्र्य मिळालें. १८८५ त मात्र राजे मिलान यांनीं बल्गेरियावर अविचारानें चढाई केली आणि स्लिव्हनित्सा येथें सपाटून मार खाल्ला. ऑस्ट्रियानें मध्यें पडून बल्गेरियन सैन्यास थोपविलें नसतें, तर पुढें काय झालें असतें याची कल्पनाच करावी. पुत्निक यांनीं तो पराभव जवळून पाहिला, आणि पुढील दहा वर्षें लष्करी विद्यालयांत अध्यापन करतांना तो मनांत ठेवला असावा, असें त्यांच्या नंतरच्या कामावरून वाटतें.

अध्यापक म्हणून ते कडक. राजाच्या मर्जींतील एका उमेदवारास त्यांनीं परीक्षेंत उत्तीर्ण करण्याचें नाकारलें, अशी एक कथा प्रसिद्ध आहे. राजे मिलान यांचा त्यांच्यावर रोष होता एवढें निश्चित, आणि विरोधी रॅडिकल पक्षाकडे त्यांचा ओढा आहे असा संशयही होता. १८९५ त त्यांना सक्तीनें निवृत्त करण्यांत आलें. वय अवघें ४८. सात-आठ वर्षें हा मनुष्य नोकरीविना घरीं बसून राहिला.

त्यांचें दैव उघडलें तें एका अत्यंत निंद्य कृत्यामुळें. जून १९०३ मध्यें कांहीं सेनाधिकाऱ्यांनीं रात्रीं राजवाड्यांत शिरून राजे अलेक्झांडर व राणी द्रागा यांचा वध केला. सारा युरोप शहारला; इंग्लंडनें तर सर्बियाशीं राजनैतिक संबंधच तोडले, आणि ते १९०६ पर्यंत पुन्हां जोडले नाहींत. पुत्निक त्या कटांत नव्हते. परंतु नवे राजे पेटर यांच्या कारकीर्दींत त्यांना जनरल करून सेनाकार्यालयाचें प्रमुखपद देण्यांत आलें, म्हणजे ज्या रक्तानें इतरांचे हात माखले, त्याचें फळ त्यांच्याही पदरीं पडलें. हें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. कटवाल्यांपैकींच एक, द्रागुतिन दिमित्रियेविच, हा पुढें त्यांच्याच कार्यालयांत गुप्त बातमीखात्याचा प्रमुख झाला, आणि सारायेवो येथील १९१४ च्या खुनामागील धागे त्याच्यापर्यंत जाऊन पोंचतात. हाताखालचा मनुष्य काय करीत आहे हें वरिष्ठानें किती पाहावें, हा प्रश्न पुत्निक यांच्या चरित्रांत असा मधोमध उभा आहे.

आतां त्यांच्या मंत्रिपदाकडे वळूं. १९०४-०५, १९०६-०८ आणि १९१२ असे तीनदां ते युद्धमंत्री झाले. या पदाची कामगिरी रणांगणावरील कामगिरीइतकी रोमहर्षक नसते. चरित्रकार ती दोन ओळींत उरकतात. मला मात्र ती सर्वांत मोलाची वाटते.

त्या वेळचा सर्बिया म्हणजे सुमारे २९ लाख वस्तीचा, समुद्रकिनारा नसलेला, शेतकऱ्यांचा देश. त्याच्या निर्यातीपैकीं दहांतील आठ-नऊ भाग एकट्या ऑस्ट्रिया-हंगेरीकडे जात. निर्यात कशाची, तर धान्य, सुके आलुबुखारे आणि मुख्यतः जिवंत डुकरें. आपल्याकडील सुशिक्षित घरांत हें ऐकून नाक मुरडलें जाईल; परंतु तेथील शेतकऱ्याचा सारा संसार ओकवृक्षांच्या रानांत चरणाऱ्या या जनावरावर चालत असे. सर्बियानें १९०५ त बल्गेरियाशीं जकातीचा करार केला. ऑस्ट्रियाला तो खपला नाहीं, आणि १९०६ च्या आरंभीं तिनें आपली सरहद्द सर्बियन जनावरांना बंद केली. इतिहासांत या झगड्यास 'डुकरांचें युद्ध' असें गमतीचें नांव आहे. पण ज्या घरांत विकावयाची जनावरें खात बसलीं होतीं, त्या घरांत गंमत नव्हती.

याच भांडणांत तोफांचा प्रश्न येऊन मिळाला. सर्बियाच्या तोफा विसाएक वर्षांच्या जुन्या. जुनी तोफ उडाली कीं धक्क्यानें सबंध गाडा मागें फेंकला जाई. गोलंदाजांनीं तो पुन्हां ढकलून जागेवर आणावयाचा, पुन्हां नेम धरावयाचा, आणि मग दुसरा गोळा. फ्रेंचांनीं १८९७ त नवी युक्ति काढली. नळी गाड्याला घट्ट न जोडतां घसरती ठेवावयाची. तेल व दाबलेली हवा यांनीं भरलेल्या नळकांड्यांत धक्का जिरवावयाचा, आणि त्याच दाबानें नळी पुन्हां मूळ जागीं आणावयाची. गाडा हलत नाहीं, म्हणून नेम मोडत नाहीं, आणि मिनिटाला दोन-तीन गोळ्यांऐवजीं पंधरा गोळे सुटूं शकतात. अशा शीघ्रगामी तोफा ज्याच्याजवळ नाहींत त्यानें लढाईस उभें राहूं नये, अशी स्थिति झाली होती.

ऑस्ट्रियाचें म्हणणें, तोफा आमच्या स्कोडा कारखान्याच्याच घ्या, तरच तुमच्या मालास वाट देऊं. म्हणजे उद्यां ज्या शत्रूशीं लढावयाचें, त्याच्याच दुकानांतून हत्यार घ्यावयाचें. गोळे संपले कीं पुन्हां त्याच्याच दारीं उभें राहावयाचें. मुख्य मंत्री निकोला पाशिच यांच्या सरकारानें, आणि त्यांत युद्धमंत्री पुत्निक यांनीं, हें नाकारलें. फ्रान्समधून ९५ दशलक्ष फ्रँक कर्ज काढण्यांत आलें, आणि तोफा श्नायडरच्या क्र्यूझो कारखान्याकडून घेण्याचें ठरलें. शेतकऱ्यांच्या तोंडचा घांस क्षणभर काढून देशानें ७५ मिलिमीटरची तोफ विकत घेतली, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. देश मेला मात्र नाहीं. मांस खारवून व डब्यांत भरून तें सलोनिका बंदरांतून बाहेर जाऊं लागलें, जर्मनीसारखीं नवीं गिऱ्हाइकें मिळालीं, आणि ऑस्ट्रियाचा फांस ढिला पडला.

तोफांबरोबर माणसेंही बदललीं. वयानें व वशिल्यानें वर चढलेल्या अधिकाऱ्यांना पुत्निक यांनीं घरीं पाठविलें आणि तरुणांना पुढें आणलें. झिवोयिन मिशिच या निवृत्त केलेल्या अधिकाऱ्यास १९०९ त त्यांनीं आग्रहानें परत बोलावून आपला सहायक केला. मिशिच हे जात्या स्वतंत्र बुद्धीचे, प्रसंगीं वरिष्ठालाही न जुमानणारे. असा मनुष्य हाताशीं बाळगण्यास वरिष्ठाचें मन मोठें लागतें. १९०८ त ऑस्ट्रियानें बोस्निया-हर्झेगोविना गिळला तेव्हां सैन्याची ही नवी बांधणी अपुरी होती, रशियाही लढावयास तयार नव्हता, आणि मार्च १९०९ मध्यें सर्बियाला मान खालीं घालून तें मुकाट्यानें मान्य करावें लागलें.

१९१२ च्या ऑक्टोबरांत सर्बिया, बल्गेरिया, ग्रीस व माँटेनेग्रो यांनीं मिळून तुर्कांविरुद्ध युद्ध पुकारलें. पुत्निक यांचा तर्क असा कीं, निर्णायक लढाई ओव्चे पोल्ये या मैदानांत होईल. प्रत्यक्षांत तुर्की सेनापतीनें आधींच, कुमानोवो येथें, २३ ऑक्टोबरला हल्ला केला. पहिल्या दिवशीं सरसेनापतींना मोठी लढाई जुंपली आहे याची धड वार्ताही नव्हती. पलटणींच्या नायकांनीं आपापल्या हिमतीवर ती झुंजविली आणि दुसऱ्या दिवशीं जिंकली. पुत्निक यांचे टीकाकार यावर बोट ठेवतात. मला वाटतें, त्या दिवशीं युद्धमंत्री पुत्निक यांनीं सेनापति पुत्निक यांची लाज राखली. तोफा त्यांनींच आणलेल्या आणि माणसें त्यांनींच निवडलेलीं. वोय्वोदा ही पदवी त्यांना मिळाली ती या विजयानंतर. या युद्धानें आणि १९१३ त ब्रेगालनित्सा नदीवर बल्गेरियाविरुद्ध मिळविलेल्या जयानें वार्दार नदीचें खोरें सर्बियाच्या हातीं आलें. त्या खोऱ्यांतून सलोनिकाकडे जाणारी आगगाडी पुढल्याच वर्षीं देशाची प्राणनाडी ठरली.

बुडापेस्टहून सुटून आल्यावर त्यांनीं प्रकृतीच्या कारणानें राजीनामा देऊं केला, पण तो स्वीकारला गेला नाहीं. मग या आजारी पुरुषानें युद्ध चालविलें तें एका खोलींत बसून. थंड हवा छातीस सोसत नसे, म्हणून खोली सदैव तापवून ठेवावी लागे. इतर अधिकारी त्या उकाड्यांत घामाघूम होत, आणि वृद्ध सेनापति नकाशावर वांकलेले असत. त्यांची योजना साधी होती. शत्रु कोठून येईल तें आधीं ठाऊक नाहीं. म्हणून सैन्य देशाच्या मध्यभागीं आवळून ठेवावयाचें, आणि त्याची दिशा उघड झाली कीं त्या अंगाला धांवावयाचें. ऑस्ट्रियन सैन्यानें १२ ऑगस्टला पश्चिमेकडून द्रिना नदी ओलांडली. स्तेपा स्तेपानोविच यांचें सैन्य रात्रंदिवस चालून गेलें, आणि त्सेर पर्वतावर १६ ते १९ ऑगस्ट या चार दिवसांत त्यांनीं शत्रूला नदीपार हांकलून दिलें. त्या महायुद्धांत दोस्तांच्या पक्षास भूमीवर मिळालेला हा पहिला मोठा जय.

खरी कसोटी नोव्हेंबरांत लागली. शत्रु पुन्हां मोठ्या बळानें आला, आणि सर्बियाच्या तोफा मुक्या झाल्या, कारण गोळे संपले. खंदकांत चिखल, अंगावर धड कपडे नाहींत, मागें पळून येणाऱ्या बायकामुलांच्या बैलगाड्यांनीं रस्ते तुंबलेले. पहिल्या सैन्याचें आधिपत्य पुत्निक यांनीं मिशिच यांना दिलें. मिशिच यांनीं सैन्य आणखी मागें, बरेंच मागें, घेण्याचा बेत केला. शिपायांना चार दिवस पोटभर जेवण व झोंप मिळाल्याशिवाय तें लढणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. सैन्य इतकें मागें घेतलें तर राजधानी बेलग्रेड उघडी पडते, म्हणून पुत्निक यांनीं आधीं विरोध केला. मिशिच हटेनात. शेवटीं पुत्निक यांनीं मान्यता दिली, आणि बेलग्रेडही सोडून देण्याचें ठरलें. आपलाच हुकूम हाताखालच्या माणसाच्या आग्रहानें फिरविणें, आणि तेंही राजधानी पणास लावून, हें साठी उलटलेल्या शिस्तप्रिय सेनापतीस किती जड गेलें असेल !

२ डिसेंबरला ऑस्ट्रियन सैन्य बेलग्रेडमध्यें शिरलें. तो दिवस सम्राटांच्या राज्यारोहणाचा वाढदिवस होता आणि राजधानी त्यांना भेट म्हणून अर्पण करण्यांत आली. पण तोंवर फ्रान्सचे गोळे सलोनिकाच्या आगगाडीनें येऊन पोंचले होते. त्यांतील कांहीं तोफांना नीट बसेनात, म्हणून ते क्रागुयेवात्सच्या कारखान्यांत दुरुस्त करून घ्यावे लागले. विद्यालयांतून उठून आलेले सुमारे १३०० विद्यार्थी नाईक म्हणून पलटणींत वांटले गेले. ३ डिसेंबरच्या सकाळीं, ज्या तोफा कित्येक दिवस बोलल्या नव्हत्या त्या एकदम बोलूं लागल्या. शत्रु बेसावध होता आणि फार लांबवर पसरला होता. बारा दिवसांत त्याची फळी कोसळली. १५ डिसेंबरला बेलग्रेड परत मिळालें. ऑस्ट्रियाचा सेनापति पोटिओरेक यास पदच्युत व्हावें लागलें.

जय मिळाला, पण पाठोपाठ रोग आला. त्या हिंवाळ्यांत टायफस तापानें सुमारे दीड लाख माणसें मेलीं. देशांत मुळांत थोडके असलेले डॉक्टर, त्यांतील शंभरांहून अधिक दगावले. १९१५ च्या सप्टेंबरांत बल्गेरिया सैन्य गोळा करूं लागला. तो तयार होण्यापूर्वींच त्याच्यावर तुटून पडूं द्या, अशी परवानगी पुत्निक यांनीं दोस्तांकडे मागितली. बल्गेरिया आपल्या पक्षास वळेल या भ्रमांत असलेल्या दोस्तांनीं ती नाकारली. ऑक्टोबरांत उत्तरेकडून जर्मन सेनापति माकेन्झेन, पूर्वेकडून बल्गेरियन, असा दुहेरी मारा सुरू झाला, आणि सलोनिकाची वाट तुटली.

कोसोवोच्या पठारावर सैन्य कोंडलें गेलें. शरण जावें, येथेंच लढून मरावें, कीं अल्बेनियाचे डोंगर ओलांडून समुद्र गांठावा ? पुत्निक यांनीं तिसरा मार्ग पत्करला; २५ नोव्हेंबरला तसा हुकूम सुटला. त्या डोंगरांत गाडीवाट नव्हती. म्हणून शिपायांनीं आपल्या तोफा फोडल्या, पुरल्या, दऱ्यांत लोटल्या. ज्या तोफांसाठीं देशानें उपासमार पत्करली, त्यांची अशी अखेर झाली. थंडीनें, उपासानें आणि वाटेंत होणाऱ्या हल्ल्यांनीं हजारों शिपाई, शेतकरी व सैन्याबरोबर निघालेले कोंवळे मुलगे त्या बर्फांत पडले. हा निर्णय क्रूर होता असें म्हणणारे आहेत, आणि त्यांना उत्तर देणें सोपें नाहीं. एवढें खरें कीं, जे दीडएक लाख समुद्रापर्यंत पोंचले, त्यांच्यांतूनच कोर्फू बेटावर नवें सैन्य उभें राहिलें आणि १९१८ त तें आपल्या देशांत परत गेलें.

स्वतः पुत्निक यांना चालणें अशक्य होतें. बंद पेटीसारखी एक खुर्ची करून तींत त्यांना बसविलें, आणि शिपायांनीं आळीपाळीनें खांदा देऊन प्रिझरेनपासून श्कोदरपर्यंत ती वाहून नेली. निसरड्या कड्यांवरून, गुडघाभर बर्फांतून आपल्या उपाशी शिपायांच्या खांद्यावर जातांना त्या पेटींत बसलेल्या वृद्धाच्या मनांत काय येत असेल, तें त्याचें त्यालाच ठाऊक.

जानेवारी १९१६ मध्यें त्यांना व त्यांच्या सर्व सहायकांना पदावरून दूर करण्यांत आलें, आणि त्या जागीं पेटर बोयोविच यांची नेमणूक झाली. ही गोष्ट त्यांना कळली ती खजिनदाराकडून. पगाराच्या रकमेंत प्रमुखपदाचा भत्ता नव्हता, तेव्हां त्यांनीं विचारलें, असें सांगतात. पुढें ते फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरीं जाऊन राहिले. फ्रेंचांनीं त्यांचा मोठा मान ठेवला. तेथेंच १७ मे १९१७ रोजीं छातीच्या त्याच विकारानें त्यांचें देहावसान झालें. १९१८ त कॅनडांतील एका पर्वतशिखरास त्यांचें नांव देण्यांत आलें. बेलग्रेडला मात्र ते १९२६ त परतले; त्या वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत त्यांच्या अस्थि फ्रान्सहून आणून शहरांतील नव्या स्मशानभूमींत पुरण्यांत आल्या.